खिडकीखालचं लॅव्हेंडर

तिसरं रोपही मुळाशी काळं पडलं, तेव्हा तिने नणंदेला सरळच विचारलं, "वन्सं, लॅव्हेंडरला पाणी घालता का हो तुम्ही?"

शेजारीच राहणारी नणंद बागेत पाइप धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला. "तू नको म्हणालीस ना? मग मी कशाला घालू?"

"मग काय भुतं घालतात?"

नणंदेने पाइप खाली टाकला आणि ती तडक घरी गेली. आठवडाभर फिरकली नाही.

लॅव्हेंडरला ऊन हवं, पाण्याचं त्याला वावडं. नवऱ्याच्या पलंगाला लागूनच खिडकी होती. तिच्याखाली ऊन रखरखायचं, तिथे तिने खडी-वाळू घालून उंच वाफा केला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जांभळी फुलं दिसावीत, एवढाच तिचा हट्ट. एक उजवा हात सोडला तर त्याचं शरीर त्याचं राहिलंच नव्हतं.

त्यात नवऱ्याचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं. "किडन्या पार थकल्यात. पाणी पाजता ना? असंच चाललं तर हातचे जातील."

"उशाशी पाण्याचा जग भरून ठेवते, डॉक्टर. संध्याकाळी थेंब उरत नाही."

घरी जाताना तिने आणखी मोठा जग घेतला. तोही रोज रिकामा होऊ लागला. तेवढाच तिच्या जिवाला आधार.

कंबरेलाही आराम होता. आधी त्याला उचलून सारखं बाथरूमला न्यावं लागे. एकदा कंबर अशी लचकली, की ती त्याच्यासमोरच ढसाढसा रडली. हल्ली तो क्वचितच हाक मारायचा. शरीर ताळ्यावर येतंय, अशी तिने समजूत करून घेतली होती.

चौथं रोप लावून झाल्यावर तिने हात धुतले. "वन्संचा रुसवा काढून येते. जग भरलाय, संपवा हं."

"संपवतो. तू कंबर सांभाळ," तो म्हणाला.

फाटकाशी पोचल्यावर चष्मा विसरल्याचं तिच्या लक्षात आलं. ती मागे वळली.

खिडकीतून उजवा हात बाहेर आला होता. बेताबेताने तो जग लॅव्हेंडरच्या मुळाशी रिकामा करत होता.