रिंग खोटं बोलत नाही

डोंगरात चालवायच्या हार्डटेल सायकलीला पुढच्या चाकाचे दणके झेलणारा सस्पेन्शन फोर्क निवडायला नवऱ्याने अख्खं वर्ष घालवलं. एकशेवीस मिलिमीटर दबणारा घ्यावा की एकशेचाळीस, स्प्रिंगचा की हवेचा, यावर घास हातात धरून त्याचं प्रवचन चालायचं आणि बायको गार झालेली भाजी पुन्हा गरम करायची. सायकल भिंतीला टांगलेली आणि हा फोनवरच्या ग्रुपमध्ये उंटावरून शेळ्या हाकतोय.

शेवटी एकदाचा हवेचा, भारीतला फोर्क आला. त्या दिवसापासून याने डोंगरावर मारलेल्या उड्यांच्या गोष्टींना अंत उरला नाही, आणि मेहुण्याच्या साध्या फोर्कला नावं ठेवल्याशिवाय याचा चहा घशाखाली उतरेना.

"तुझा भाऊ भित्रा आहे," तो बायकोला म्हणाला. "फोर्कच्या नळीवर रबराची रिंग असते. दणका बसला की ती वर सरकते आणि तिथेच राहते. त्याची जेमतेम दोन बोटं सरकली आहे. माणूस हव्या तेवढ्या थापा मारेल, रिंग खोटं बोलत नाही."

रविवारी भाऊ नवा फोर्क बघायला येणार होता. हा सकाळीच, "डोंगरावर जाऊन येतो," म्हणत हेल्मेट घालून ऐटीत निघाला आणि पाण्याची बाटली टेबलावरच विसरला. बायको ती घेऊन लगबगीने खाली उतरली.



पार्किंगमध्ये, चिखलाचा ठिपकाही नसलेल्या सायकलीपुढे उकिडवा बसून, तो अंगठ्याने रिंग वर ढकलत होता.