वगळलेली नावं

अठ्ठ्याण्णव साली कऱ्हाडच्या मोटारसायकल शोरूममध्ये कॉम्प्युटर आला. गिऱ्हाइकांची जुनी यादी त्यात भरण्याआधी साफ करायचं काम मुकुलकडे होतं. "वारलेल्या माणसाला दिवाळीचं कार्ड जातं, घरच्यांच्या काळजाला घरं पडतात," मालक म्हणाले. मुकुलने गावोगाव चौकशी करून तशी नावं वगळली. आता कुणाची खपली निघणार नाही, या समाधानात तो होता.

दिवाळीनंतर कडेगावच्या राहीबाई आल्या. "माझ्या लेकाचं, दिनकरचं कार्ड औंदा आलं न्हाई."

"मावशी, तो गेल्याचं कळलं, म्हणून नाव काढलं," मुकुल कसाबसा म्हणाला.

"त्यो गेला, ते मला ठावं हाय, बाबा.


पण कार्ड आलं की पोस्टमन दारात त्याच्या नावानं हाक मारायचा."