आधी हात पुढे

पिल्लू घरात आलं आणि पहिल्याच दिवशी पाच वर्षांच्या ठमीने त्याला असं काही आवळलं, की ते कुईंकुईं करत सोफ्याखाली जाऊन बसलं. उद्या चावलं म्हणजे? आईने ठमीला समोर बसवून बजावलं, "झडप घालायची नाही. आधी हात पुढे करायचा, त्याला हुंगू द्यायचा. ते मागे सरकलं तर त्याला नकोय. मग आपल्याला कितीही लाड करावेसे वाटू देत!"

ठमीने आठवडाभर नियम अगदी काटेकोर पाळला. पिल्लू आपणहून तिच्या पायाशी झोपायला लागलं.

रविवारी बाबांची आत्या आली. या आत्याबाईंचं सगळं प्रेम बोटांत. समोर दिसेल त्याचा गाल धरायचा आणि लाल होईपर्यंत पिळायचा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी ठमीच्या आईचीसुद्धा त्यातून सुटका नव्हती. दारातूनच त्या "माझं गं सोनुलं ते!" म्हणत ठमीकडे धावल्या.

"थांब आत्याआजी," ठमी म्हणाली, "आधी हात पुढे कर. मी मागे सरकले तर मला नकोय."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाईंनी मात्र गुमान हात पुढे केला. ठमीने तो दोनदा हुंगला, जरा विचार केला आणि डोकं पुढे केलं. आत्याबाईंनी ते हळूच कुरवाळलं. मग हसत हसत, हात तसाच पुढे धरून त्या ठमीच्या आईकडे वळल्या. "आणि तू गं?"



आई चांगली दोन पावलं मागे सरकली.