तळहातावरचा पट्टा

"तुम्ही बाहेर थांबायचं," सिस्टरने मुलाला दारातच अडवलं. "ड्रेसिंगच्या खोलीत फक्त पेशंट."

मुलगा म्हणजे चांगला तीस-पस्तिशीचा बाप्या. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि हा गळ्यापर्यंत चेन ओढलेल्या जाडजूड जॅकेटात. डोळे तारवटलेले. म्हातारीच्या कानाशी वाकून तो पुटपुटला, "आई, काही बोलायचं नाही. कळलं ना?"

सिस्टरचे कान तिखट होते. तिने ते बरोबर टिपलं.

"त्यालाही घ्या ना हो आत," म्हातारी म्हणाली. "दोघांना एकदमच घ्या."

"इथला नियम आहे, मावशी. घाबरू नका. मी असताना तो तुमच्या केसालाही धक्का लावायचा नाही." आणि सिस्टरने दार लोटून घेतलं.

भाजलेल्यांच्या वॉर्डात तिची बावीस वर्षं गेली होती. वॉर्डबॉय तिच्या माघारी तिला फौजदारीण म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. नुसती जखम बघून ती सांगायची, कशाने भाजलं, कधी भाजलं आणि थाप कुठे सुरू होते. घरचं माणूस जवळ असलं की पेशंटच्या तोंडाला कुलूप लागतं, म्हणून पेशंटला आधी एकट्याने गाठायचं, ही रीत तिनेच पाडलेली. त्याला कारण होतं. फार पूर्वी एका पोरीचं 'स्टोव्ह भडकला' तिने खरं मानलं होतं आणि पट्टी बांधून तिला नवऱ्याबरोबर घरी धाडलं होतं. महिन्याभरात ती पोर परत आली ती स्ट्रेचरवर, आणि गेलीच. त्या आठवणीने सिस्टरची मान आजही खाली जायची. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, अशी तिने शपथच घेतली होती.

म्हातारीने मूठ उघडली. तळहातावर पांढऱ्या लेपाची खपली धरली होती.

"टूथपेस्ट! ही अक्कल कोणाची?"

"माझीच."

"आणि भाजलं कधी?"

"परवा."

"परवा!" सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, भाजल्या क्षणी हात नळाखाली धरायचा. वीस मिनिटं, साधं गार पाणी. बर्फ नको, पेस्ट नको. स्वच्छ फडक्याने सैलसर झाकायचं आणि तडक इथे यायचं. उशीर केला की जखम आत आत जाते, चिघळते. बाहेर भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय ते काय शोभेला?"

"यायची लाज वाटत होती."

"भाजलं त्यात लाज कसली?"

म्हातारीने हात पुढे सरकवला.

सिस्टरने लेप धुऊन काढला. खाली तळहातावर आडवा, बोटभर रुंदीचा, सरळसोट पट्टा उमटला होता. हे उडालेलं तेल नव्हे की वाफ नव्हे. तापलेलं लोखंड मुठीत आल्याशिवाय असा पट्टा उठत नाही. आणि शुद्धीतला माणूस तापलेलं लोखंड आपणहून कशाला मुठीत धरेल? कोणीतरी धरायला लावल्याशिवाय?

"मावशी, कोणी केलं हे?"

"माझ्याच हातून झालं."

हे वाक्य सिस्टरने शंभरदा ऐकलं होतं. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि तो."

"तापट आहे?"

"तो? छे हो, गरीब गाय आहे. जमदग्नी मी आहे."

"घाला पांघरूण! आईच ना शेवटी." सिस्टरने दाराच्या काचेतून बाहेर डोकावलं. बाकडं रिकामं असून तो मधोमध उभा होता. भिंतीला टेकत नव्हता, की बसत नव्हता. पाय लटपटत होते आणि हातातली पाण्याची बाटली घटाघटा रिकामी होत होती.

"प्यायलाय ना?"

"नाही हो. कालपासून सारखं पाणी पाणी करतोय. त्याला जरा आत—"

"उतरताना लागतेच तहान. आणि परत तेच तुमचं! किती भ्याल त्याला?"

कोपऱ्यातल्या फोनवरून सिस्टरने हळू आवाजात पोलीस चौकीला कळवलं. हाताचं काम खरं तर वीस मिनिटांचं. तिने मुद्दाम तासभर लावला. माणसं येईपर्यंत हा पसार व्हायला नको आणि आई त्याच्या तावडीत जायला नको. म्हातारी एकसारखी दाराकडे बघत होती. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटलात म्हणून समजा."

तेवढ्यात वॉचमनने दार किलकिलं केलं. "सिस्टर, तो बेवडा बाकड्यावर पालथा पडलाय. थंडी वाजल्यासारखा कुडकुडतोय, हाक मारली तर ओ देत नाही."

"पडू दे. पोलीस उठवतील."

"पोलीस?" म्हातारी ताडकन उठली. अर्धवट बांधलेली पट्टी लोंबत राहिली. "पोलीस त्याला कशाला? तोच मला ओढत घेऊन आला, म्हणाला, आधी तुझा हात दाखव, माझं कोणाला सांगू नकोस, तुला धरून नेतील. आणि माझी मेलीची जीभ रेटेना!" तिने कपाळ बडवून घेतलं. "शब्दाने शब्द वाढला, माझं डोकं फिरलं. फडकंसुद्धा न घेता मी कढईची दांडी धरली आणि कढई भिरकावली. सगळं उकळतं तेल त्याच्या पाठीवर गेलं हो, सिस्टर. परवापासून त्याच्या अंगातला शर्ट निघत नाहीये."