कोरी पट्टी

डायलिसिसच्या पाण्याचं आरओ मशीन मी सांभाळतो. त्यातलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, जंतुनाशकाने धुतलं की तासभर पाण्याने खळखळून काढायचं आणि औषध उरलं नाही ना, हे कागदी पट्टी बुडवून बघायचं. आज उशीर झाला होता. दहा मिनिटांतच आवरलं, पट्टी खिशात ठेवली आणि वहीत ‘तपासलं’ लिहिलं. दिंडोरीच्या चतुराबाई पहिल्याच पेशंट. अर्ध्या तासात थरथर कापायला लागल्या. डॉक्टर मशीन थांबवत ओरडले, “पाणी तपासलं होतंस?” “हो, सर.” कापरं ओसरल्यावर चतुराबाईच म्हणाल्या, “त्यांना नका बोलू. काल द्राक्षाच्या छाटणीवर बायांना पाणी वाटताना मीच चोरून दोन तांबे पेले. तुम्ही जास्त पाणी नको म्हणले व्हते.” डॉक्टर त्यांच्यावर चिडले. त्या माझ्याकडे वळल्या, “दादा, माझ्यापायी तुम्हाला बोलणी बसली.” खिशातली कोरी पट्टी बोटांना लागली. मी म्हणालो, “परत असं करू नका, मावशी.”