तळहाताचं माप

दोर असो, पूल असो की होणारा जावई, अवरक्त बंदूक रोखली की तो अजून किती वर्षं टिकेल ते कळायचं. त्या बंदुका अचूक करायचं काम टिपणीसबाईंकडे होतं. त्यासाठी दिलेली प्रमाण फरशी तापायला तासभर लागे, म्हणून बाई सरळ आपल्या तळहातावरच बंदूक जुळवत.

आज पहिल्या बंदुकीने तळहातावर नेहमीच्या तीसऐवजी एकच वर्ष दाखवलं. दुसरीनेही तेच. बाईंनी स्क्रू पिळून दोन्ही तिसावर आणल्या.

"बाई, सगळ्याच एकदम कशा बिघडतील?" शेजारच्या टेबलावरून गुरव म्हणाले. "फरशी तापवू का?"

"तापवा."

अजून स्क्रू न पिळलेली तिसरी बंदूक फरशीवर अगदी अचूक निघाली. बाईंनी शांतपणे स्क्रूड्रायव्हर उचलला, आपला तळहात समोर धरला आणि आधीच्या दोन्ही बंदुका पुन्हा एका वर्षावर आणून ठेवल्या.