कुमुदकाकूंचा ओरखडा

श्रीरंगकाका खरंच येतील असं यतीनला वाटलं नव्हतं. ते आले. मयूर विहारहून मेट्रो बदलत, कुमुदकाकूंना घेऊन, यतीन गाणी लावायचा त्या गुरुग्रामच्या कॅफेत थेट त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. रविवारची दुपार होती. मागच्या भिंतीवर पाटी लावलेली होती : आज फक्त रेकॉर्ड.

“आमचीच लावलीस वाटतं,” काका लाजून म्हणाले.

त्यांचीच होती. घरात जागा उरली नाही म्हणून दिवाळीत त्यांनी सगळ्या रेकॉर्ड वरच्या मजल्यावर राहणाऱ्या यतीनकडे पोहोचवल्या होत्या. वाजत राहू देत, एवढंच म्हणाले होते.

रेकॉर्ड फिरत होती, सुईही टेकलेली होती. पण रेकॉर्डचा आवाज यतीनने पूर्ण बंद ठेवला होता. गाणं येत होतं ते टेबलाखालच्या लॅपटॉपमधून. जुन्या गाण्यांचा ठेका एका जागी राहत नाही. वाजवणारी माणसं होती, कधी घाई करत, कधी सैल सोडत. लॅपटॉप तो ठेका सरळ करत होता, कुठे ताणून घेत होता, पुढच्या गाण्याला आपोआप जोडून देत होता. यतीन फक्त रेकॉर्ड बदलत होता. लोक त्याचेच व्हिडिओ काढत होते.

“आता दुसऱ्या अंतऱ्यात हिचा ओरखडा येईल,” काका म्हणाले. “पुसायला घेतली आणि बांगडी लागली.”

“ओरखडा गाण्यात एकदाच वाजतो,” काकू म्हणाल्या. “हे चाळीस वर्षं वाजतायत.”

यतीन हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. लॅपटॉपवरचं गाणं स्वच्छ होतं.

काका रेकॉर्डवर वाकले. एक बोट वर धरून थांबले. सुई किंचित उडाली, पुन्हा बसली. गाणं तसंच पुढे गेलं.

बोट वरच राहिलं. मग काकांनी कानातलं मशीन दाबून पाहिलं.

“आला का रे, टक्‌ असा?”

कॅफेचा मॅनेजर शेजारीच उभा होता. “यही तो असली साउंड है, सर,” तो काकांना म्हणाला.

“आला की, काका,” यतीन म्हणाला.

“अच्छा.” काकांनी मशीन काढून तळहातावर घेतलं. “सुई उडालेली दिसली, पण ऐकू नाही आलं. डॉक्टर म्हणालेच होते, बारीक आवाज आधी जातील. ठीक आहे. तुला आला ना.”

यतीनने हेडफोन कानावर चढवले. त्यांत काहीच वाजत नव्हतं. त्याने दोन-तीन बटणं उगीच फिरवली. काकू त्याच्याकडे बघत होत्या.

मॅनेजर दुसऱ्या टेबलाकडे गेला. काकूंनी काकांच्या हातातलं मशीन घेतलं, पदराने पुसलं आणि परत त्यांच्या कानात बसवलं.

“कान ठीक आहेत तुमचे,” त्या म्हणाल्या. बघत अजून यतीनकडेच होत्या.

“मग?”

काकांनी पुन्हा रेकॉर्डकडे पाहिलं. सुई शेवटाला पोहोचून लेबलापाशी नुसती घासत होती. गाण्याचा शेवटचा अंतरा अजून चालू होता.

काका बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

“चल,” ते काकूंना हळूच म्हणाले. “आपण असं जवळ येऊन उभं राहायला नको होतं. त्याचं काम चाललंय.”

निघताना, रेकॉर्ड झिजू नये म्हणून, सवयीने त्यांनी सुई उचलून बाजूला ठेवली.

गाणं चालूच राहिलं.